कोळणीच्या रक्तात काय कमी होतं

तीस वर्षं मी लोकांना उपाशीपोटी भेटले. सकाळी साडेसहाला दार वाजवायचं. समोरचा माणूस चहाविना चिडलेला, केस विस्कटलेले, कधी तोंडात कवळीही नाही. अशा वेळी माणूस फार खरा असतो. सोंग आणायला पोटात काहीतरी लागतं, असं माझं मत आहे.

मी रक्ताचे नमुने घेणारी. वसईतल्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. सुरुवातीची वर्षं लॅबमध्येच सूक्ष्मदर्शकापाशी बसून काढली. पुढे घरी जाऊन रक्त आणायची पद्धत सुरू झाली, तेव्हा स्कूटर चालवता येणारी मी एकटीच होते, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. लोक मला रक्तवाली ताई म्हणायचे. नाव विचारायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

सुई टोचणं दोन मिनिटांचं काम. कौशल्य शीर शोधण्यात. म्हाताऱ्या हातावर जी शीर ठसठशीत दिसते ती बहुतेक वेळा फसवी असते, सुई लागली की बाजूला सरकते. जी दिसत नाही पण बोटाखाली रबरासारखी लागते, ती खरी. त्यात लोकांची समजूत अशी की उपाशी म्हणजे पाणीसुद्धा प्यायचं नाही. खरं तर साधं पाणी चालतं. पण बरेच वृद्ध एरवीही पाणी पीत नाहीत. रात्री उठावं लागतं, अंधारात पडायची भीती, म्हणून संध्याकाळपासूनच पाणी बंद. मग सकाळी शिरा चपट्या आणि डोकं जड. घरचे हळूच सांगायचे, "सकाळी जरा असंबद्ध बोलतात हो." मी दोन पेले पाणी द्यायला लावायचे आणि थांबायचे. पंधरा-वीस मिनिटांनी शीर वर यायची, आणि काहींच्या बोलण्याची गाडीही रुळावर यायची. सगळ्यांची नाही. पण ज्यांची यायची त्यांच्या घरचे माझ्याकडे असे बघायचे जणू मी मंत्र घातला.

नळी भरेपर्यंत माझी नजर स्वयंपाकघरात जायची. ओट्यावर काय आहे, कशाची बरणी अर्धी झालीय, फळं टोपलीत आहेत की फ्रीजवर सुकत पडलीत. रिपोर्ट काय येईल याची मी स्वतःशीच पैज लावायचे. जिंकायचे तशी हरायचेही पुष्कळ.

आमच्याच गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. साखरेचा आजार. तपासणीचा दिवस ठरला की आधी तीन दिवस कारलं, काकडी आणि संयम. उपाशीपोटीची साखर अगदी आदर्श यायची, आणि संध्याकाळी ते बेकरीत दिसायचे. एकदा डॉक्टरांनी न सांगता तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी लिहून दिली. तिला तीन दिवसांच्या कारल्याने काही फरक पडत नाही. रिपोर्ट बघून सर मला म्हणाले, "ही अघोषित परीक्षा झाली. हे नियमात बसत नाही." मी म्हटलं, "सर, तुम्ही आम्हाला वर्गात हेच करायचात." सर स्वतःच हसले.

आणि एक केळीच्या वाडीचे मालक होते, पंचाऐंशी पार केलेले. त्यांचे रिपोर्ट एखाद्या तरुणाला लाजवतील असे. मी विचारलं, "काका, खाता तरी काय?" ते म्हणाले, "घरात शिजतं ते." आतून काकू म्हणाल्या, "आणि शेजारी शिजतं तेही." सकाळ-संध्याकाळ वाडीत फेरी आणि पाटाच्या पाण्यावरून चार जणांशी भांडण, हा त्यांचा नेम. मला वाटलं, सापडलं गुपित. पण त्यांचे धाकटे भाऊ त्याच घरात, तेच जेवून, त्याच वाडीत राबून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. तेव्हापासून मी गुपित शोधायचं सोडलं. कुतूहल मात्र सुटलं नाही. हिराबाईंची गोष्ट त्या कुतूहलाची आहे, आणि माझ्या एका चुकीचीही.

हिराबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते अर्नाळ्याला. साठीच्या पुढच्या, उंच, दंड असे की रक्त घेताना बांधायचा माझा पट्टा पुरेना. उभं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं. पहाटे बंदरावर लिलावात ओरडून घ्यायचं, टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायचं, आणि दुपारी घरी येऊन सगळ्यांचं रांधायचं. गोड त्यांना तसं आवडत नव्हतं, तरी साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि दर तीन महिन्यांनी मी जाऊ लागले.

"ये बाय, ये. आज किती बाटल्या नेतेस माझं रगत?" असं त्यांचं स्वागत असायचं.

त्यांचा एकुलता मुलगा महेश बोटीवर जायचा. लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी त्याची बोट इंजिन बंद पडून वादळात भरकटली. पाच दिवस पत्ता नव्हता. सहाव्या दिवशी दुसऱ्या बोटीने त्यांना ओढत आणलं. माणसं सगळी सुखरूप होती, पण महेशने त्यानंतर समुद्रात पाय ठेवला नाही. वालीवच्या कारखान्यांचा माल गुजरातकडे नेणाऱ्या टेम्पोवर तो ड्रायव्हर झाला, आणि कुटुंब नालासोपाऱ्याला, आचोळ्यातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलं. महेश, त्याची बायको दर्शना आणि हिराबाई.

माझ्या फेऱ्या मग आचोळ्याला सुरू झाल्या. तिथल्या हिराबाई खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या असायच्या. खाली रिक्षांची रांग. मी म्हणायचे, "जरा खाली फिरून यावं." त्या म्हणायच्या, "कुठं जाऊ? ओळखीचं कोन हाय? आनि रिकाम्या हातानं फिरायची सवय नाय मना." चाळीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन चाललेल्या बाईला रिकामं चालणं जमेना. हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

आता चुकीची गोष्ट. त्यांच्या मोठ्या आजारपणाच्या साधारण दोन वर्षं आधी त्यांना ताप आला म्हणून पूर्ण रक्ततपासणी केली होती. नमुना मीच आणला, मशीनला मीच लावला. त्यात तांबड्या पेशींचा आकार नेहमीपेक्षा मोठा आला. मशीन अशा आकड्यापुढे खूण करतं. रिपोर्ट खुणेसकट गेला. तापावर औषध झालं, ताप गेला, खूण कागदावर राहिली. पुढच्या खेपेला हिराबाई दार उघडायला आल्या तेव्हा त्यांच्या एका पायातली चप्पल मागेच राहिली होती. त्यांना पत्ताच नव्हता. मी म्हटलं, "मावशी, चप्पल." त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "हा पाय हल्ली माझा नाय वाटत." मला ते खटकलं. मोठ्या पेशी आणि पाय बधिर, हे दोन्ही एकत्र असलं तर कशाचा संशय घ्यायचा हे मी शिकले होते. पण मी स्वतःला समजावलं, साखरेनेही पाय बधिर होतात. आणि मुख्य म्हणजे, निदान करणं माझं काम नाही, माझं काम रक्त काढण्यापुरतं. हे वाक्य आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या आड लपताही येतं, हे कोणी शिकवत नाही.

त्यानंतर त्या हळूहळू बदलत गेल्या. बोलणं कमी झालं, चिडचिड वाढली. दर्शनावर ओरडायच्या, मग रडायच्या. चहा गॅसवर ठेवून विसरायच्या. दर्शना मला जिन्यापर्यंत सोडायला यायची आणि दबक्या आवाजात सांगायची, "ताई, काल आई विचारत होत्या, महेश बोटीवरून आला का म्हणून. त्यांना वाटतं तो अजून समुद्रावरच आहे."

मग एक दिवस त्या घरातून नाहीशा झाल्या. दर्शना भाजी आणायला गेली होती. दोन तास शोधाशोध झाली. शेवटी एसटीच्या थांब्यावर सापडल्या, डोक्यावर कपड्यांची प्लास्टिकची टोपली, अर्नाळ्याच्या गाडीची वाट बघत. पायात चप्पल नव्हती आणि टाचेला काच लागून रक्त येत होतं. त्यांना ते कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नमुना घ्यायला गेले तर घराच्या दाराला बाहेरून कडी होती. दर्शनाने कडी काढली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. हिराबाई खुर्चीतच होत्या. मी दंडाला पट्टा बांधला. त्याच दंडाला तो आता पुरून वर उरला.

"मावशी, ओळखलंत का?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू लिलावाला असतेस ना?"

महेश त्या दिवशी घरी होता. आडदांड माणूस. "ताई, सगळे म्हणतात हे म्हातारपणाचं विसरणं आहे, ह्याला औषध नाही. मी रस्त्यावर असतो, ही एकटी किती बघणार? विरारच्या पुढे एक वृद्धाश्रम बघून आलोय. तिथे आत बाग आहे." बाग आहे हे त्याने दोनदा सांगितलं.

हिराबाईंच्या डॉक्टरांनी मात्र लगेच शिक्का मारला नव्हता. विसराळूपणामागे कधी कधी सुधारण्यासारखी कारणं असतात, थायरॉइड, रक्तातलं मीठ, काही जीवनसत्त्वं, म्हणून त्यांनी लांबलचक यादी लिहून दिली होती. मी तीन वेगवेगळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्या भरल्या आणि लॅबला आले.

रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून, रंगवून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांबड्या पेशी फुगलेल्या, अंडाकृती. आणि पांढऱ्या पेशी. त्यांच्यातल्या काहींच्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाकळ्या असतात, इथे पाच, सहा, एकीला तर सात. पुस्तकात असतं तसं चित्र. मी आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "बी-ट्वेल्व्ह."

संध्याकाळी आकडा आला. इतका कमी आकडा मी फार थोड्या वेळा पाहिला होता.

बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व मासे, मटण, अंडी, दूध यांतून मिळतं. रक्त बनवायला लागतं आणि मज्जातंतूंनाही. ते फार काळ कमी पडलं तर पाय बधिर होतात, तोल जातो, मन उदास होतं, डोकं काम करेनासं होतं. वय झालं की पोट ते नीट शोषून घेत नाही, आणि साखरेची त्यांची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींमध्ये ते आणखी घटतं. हे सगळं मॅडमना माहीत होतं. तरी त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

"कोळीण आहे ना ही? रोज मासे खाणाऱ्या बाईचं इतकं कमी? मग पोटातच काहीतरी मोठं बिघडलेलं असणार."

त्यांनी हिराबाईंच्या डॉक्टरांना फोन केला. इंजेक्शनं लगेच सुरू करायची ठरली. शिवाय पोटात दुर्बीण घालून बघायचंही ठरलं, पण त्याआधी साखर आटोक्यात आहे का हे पाहणं भाग होतं. म्हणून दोन दिवसांनी मला परत पाठवलं, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवल्यावर दोन तासांनी.

सकाळचा नमुना घेतला. दुसऱ्यासाठी दुपारी जायचं होतं. मी वेळ चुकीची धरली आणि जेवण वाढायच्याच सुमाराला पोचले. दर्शना म्हणाली, "बसा ताई, आत्ताच वाढतेय." भात, आमटी आणि तळलेल्या बांगड्याचे दोन तुकडे. ताट सासूपुढे ठेवून ती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. जाताना मला म्हणाली, "लक्ष ठेवा हं जरा. तशा ताट चाटूनपुसून खातात. जेवणाची तक्रार नाही."

मी आतल्या खोलीच्या दाराशी बसले होते. हिराबाईंना मी तिथे आहे हे बहुधा विसरायला झालं. त्यांनी आमटी-भात कालवला. मग बांगड्याचे दोन्ही तुकडे उचलले, पाठीमागच्या उशीच्या अभ्र्यातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, तुकडे त्यात घातले आणि पिशवी परत आत सरकवली. सगळं इतक्या सराईतपणे की ज्या बाईला कालचा दिवस आठवत नव्हता तिची बोटं एकदाही अडखळली नाहीत. मग त्या शांतपणे जेवू लागल्या.

मी जवळ जाऊन बसले. "मावशी, मासा कोणासाठी ठेवलात?"

त्या दचकल्या. मग चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "खाली मांजर हाय. खिडकीतनं टाकते. दर्शनाला नको सांगू."

"तुम्ही का नाही खात?"

त्यांनी आणखी एक घास घेतला. मला वाटलं प्रश्न विसरल्या. मग म्हणाल्या, "तो पाच दिवस नव्हता आला. मी देवीआईला सांगितलं, माझं पोर दे, मी तुझ्यापुढं तोंड बांधते. मासा नाय, मटन नाय, अंडं नाय. तिनं दिलं ना पोर."

"दूध?"

"दूध मी कधीच नाय प्यायले. कोरा चहा आपला."

"आणि हे घरात कोणालाच माहीत नाही?"

"सांगितलं की नवस फुकट." त्यांनी माझा हात धरला. "तू पन नाय सांगायचं. शप्पत घे." मी घेतली.

मी वेड्यासारखं त्यांना पटवायला गेले. म्हटलं, "मावशी, महेश आता समुद्रावर जातच नाही. मग आता नवस कशाला?"

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात विसराळूपणाचा अंशही नव्हता. "समुद्रावर नाय जात. हायवेवर तर जातो."

मुंबई-अहमदाबाद हायवे ज्याने पाहिलाय त्याच्याकडे यावर उत्तर असेल असं वाटत नाही.

लॅबला परत येईपर्यंत मी स्कूटरवर स्वतःशीच वाद घालत होते. शपथ घेतली होती. पण मी बोलले नसते तर त्या थकलेल्या जिवाला उगाच दुर्बिणीला सामोरं जावं लागलं असतं, आणि दुर्बिणीला नवस दिसत नाही. दोन वर्षांपूर्वीची ती चप्पलही डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बांगड्याचं, नवसाचं, आणि चपलेचंही.

मॅडमनी मला रागवायला हवं होतं. त्यांनी जुना रिपोर्ट शोधून काढला, ती खूण पाहिली, खाली स्वतःची सही पाहिली. म्हणाल्या, "हा माझ्या हाताखालूनही गेलाय." मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, दुर्बीण तूर्त थांबवू, इंजेक्शनांचा गुण बघू. घरच्यांना नवसाबद्दल सांगायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं.

पहिल्या इंजेक्शनाच्या वेळी दर्शनाने मला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण हिराबाई नर्सला हात लावू देत नव्हत्या. मी जवळ बसताच त्यांनी कानाशी येऊन विचारलं, "ही सुई माशाची नाय ना?"

मी डॉक्टरांना विचारून आले होते. "नाही मावशी. कारखान्यात बनते. मासा नाही, मटण नाही."

"देवीला चालंल?"

"चालेल," मी म्हटलं. देवीच्या वतीने बोलायचा मला काय अधिकार होता कोण जाणे, पण त्या दिवशी मी बोलले.

गुण यायला महिने लागले. सिनेमात माणूस एका सकाळी उठून सगळ्यांना ओळखतो तसं काही झालं नाही. आधी चेहऱ्यावरचा फिकेपणा गेला. मग रडणं थांबलं. मग एकदा मी गेले तेव्हा दारातूनच हाक आली, "ये बाय. आज किती बाटल्या?" दर्शना माझ्यामागे उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

वृद्धाश्रमाचा विषय परत निघाला नाही. दाराची बाहेरची कडी महेशने स्क्रू काढून उखडून टाकली, तिथे चार भोकं राहिली. पायांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही. थोडा उतरला आणि तिथेच थांबला. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंना फार उशीर झाला. लवकर कळतं तर बरं झालं असतं. ते हे सहज बोलले. त्यांना ठाऊक नव्हतं की जिला लवकर कळलं होतं ती बाई समोरच उभी आहे.

पण नुसत्या इंजेक्शनाने झालं असं मला वाटत नाही. त्याच दिवसांत एक गोष्ट घडली. शेजारच्या एका बाईने बाजारातून आणलेले बोंबील दर्शनाला दाखवायला आणले. हिराबाईंनी खुर्चीतूनच एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "फसवलं तुला. परवाचे हायत." दुसऱ्या दिवशी ती शेजारीण त्यांना हाताला धरून बाजारात घेऊन गेली. आठवड्याभरात इमारतीतल्या चार-पाच बायका त्यांच्याशिवाय मासळी आणायला जाईनात. रोज सकाळी बकल लावायच्या सँडल घालून, काठी घेऊन हिराबाई खाली उतरायच्या. कल्ले उचलून बघायचं, पोट दाबून बघायचं, विकणारीशी हुज्जत घालायची, हे सगळं त्यांचं. आणि घरी आल्यावर खायचे आमटी-भात.

त्यांना कशाने बरं वाटलं हा प्रश्न मी सगळ्यांना विचारत राहिले. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन. दर्शना म्हणाली बाजार. हिराबाई म्हणाल्या देवी. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशींचा आकार आटोपशीर आला होता, पाकळ्या मोजक्या होत्या. त्या पेशी कोणाची बाजू घेत नव्हत्या.

नवस शेवटी फुटला, पण माझ्या तोंडून नाही. वॉचमनने महेशला हसत सांगितलं, तुमच्याकडच्या आजींच्या मांजरीला आता जिना चढवेना, रोज दोन तुकडे खाते. महेशने आईला विचारलं. आता डोकं ताळ्यावर होतं, त्यामुळे खोटं बोलता येईना. त्या सकाळी मी नमुना घ्यायला गेले आणि त्या भांडणाच्या मधोमध सापडले. महेश जमिनीवर बसून रडत होता, एवढा मोठा माणूस.

"माझ्यापायी तू मरायला निघालीस, आई? चल, आजच अर्नाळ्याला जाऊ, देवीला सांगून नवस सोडव. नाहीतर उद्यापासून मीही खात नाही."

हिराबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "गप. तू खायचं. तू खातोस म्हनून तर मी सोडलंय. दोघांनी सोडलं तर देवीला मी काय दिलं?"

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि बाही वर केली. "घे गो तू. कोरा चहा थांबलाय माझा."

नवस त्यांनी सोडला नाही. दर महिन्याला इंजेक्शन घेतात. आमच्या लॅबमध्येही एक बदल झाला. नमुन्यासोबत जी चिठ्ठी येते तिच्या मागच्या बाजूला मॅडमनी एक रिकामी जागा छापून घेतली. घरी जाणाऱ्याला जे खटकलं ते तिथे लिहायचं. निदान नाही, नुसतं जे दिसलं ते. निवृत्त होईपर्यंत मी तिथे काय काय लिहिलं: आजोबा एकाच बाजूने चावतात. काकूंचं घर स्वच्छ, पण चूल पेटवल्याची खूण नाही. बाई विचारलं त्याचं उत्तर देतात, आपणहून काही बोलत नाहीत. त्यातल्या बऱ्याच नोंदींतून काही निष्पन्न झालं नाही. काहींतून झालं.

निवृत्त झाल्यावर एका रविवारी मी आचोळ्याच्या बाजारात गेले, खास त्यांना भेटायला. हिराबाई एका टोपलीपुढे काठी टेकवून उभ्या होत्या, आजूबाजूला इमारतीतल्या बायका. मला बघून त्यांना आनंद झाला. मी त्यांना थोडं बाजूला घेतलं. जे सांगायला आले होते ते मनात बरेच दिवस होतं.

"मावशी, तुमच्या पायाचं मला आधी कळलं होतं. दोन वर्षं आधी. तुमची चप्पल मागे राहिली होती, आणि रक्तातही दिसलं होतं. मी बोलले नाही. बोलले असते तर आज पाय धड असता."

मला वाटलं, आता चिडतील. तो त्यांचा हक्क होता.

"तोंड बांधलंय ते मना तर पाच वर्षं ठावं होतं," त्या म्हणाल्या. "मी बोलले?"

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने माझा दंड धरला आणि मला टोपलीपुढे नेऊन उभं केलं.

"ए, हिला पापलेट दे. तो नको, तो बर्फातला हाय. खालचा काढ. आमच्या घरची हाय ती."